दुसऱ्या महायुद्धात पडलेली रशियातल्या नोव्हगोरोदची जुनी ऑर्थोडॉक्स चर्चं आज उभी दिसतात. ती अस्सल की नव्याने बांधलेली? आणि असा जीर्णोद्धार नेमका करतात कसा?

थोडक्यात सांगायचं तर खालचा भाग अस्सल, वरचा नवा. मात्र अस्सल भाग किती उंचीपर्यंत आहे, हे प्रत्येक चर्चचं वेगळं. दारावरच्या फलकावर ‘११९८’ लिहिलेलं असतं आणि डोक्यावरचा घुमट १९५८चा असतो. दोन्ही खरंच असतं. म्हणून ‘ही इमारत अस्सल आहे का’ असं न विचारता ‘ही भिंत कुठपर्यंत अस्सल आहे’ असं विचारायचं. नोव्हगोरोदमध्ये या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळतं, कारण तिथल्या लोकांनी युद्धानंतर हे काम घाईत उरकलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेलिकी नोव्हगोरोद (शहराचं नाव अधिकृतपणे असं झालं ते १९९९ मध्ये) हे व्होल्खोव नदीवरचं, सेंट पीटर्सबर्गपासून सुमारे १९० किलोमीटरवरचं जिल्ह्याच्या गावासारखं शांत शहर. मध्ययुगात मात्र ते श्रीमंत व्यापारी प्रजासत्ताक होतं. राजे, आर्चबिशप, सरदार, व्यापारी, इतकंच काय एकेका रस्त्यावरचे रहिवासीसुद्धा आपापलं दगडी चर्च बांधायचे. म्हणून तिथली चर्चं भव्य नाहीत. चार खांब, एक घुमट, जाड भिंती, एवढाच आराखडा. नेरेदित्साचं चर्च ११९८ मध्ये जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात संपलं, अशी इतिवृत्तात नोंद आहे. भित्तिचित्रं पुढच्या वर्षी झाली. एका उन्हाळ्यात काम संपवण्याचं कारण नुसती हौस नव्हती, ते पुढे चुन्याच्या भागात येईल.

ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतलं आणि २० जानेवारी १९४४ पर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहिलं. या काळात आघाडीची रेषा शहराच्या पूर्वेला, नदीच्या पलीकडे अडकून पडली होती. नेमकी त्याच पट्ट्यात नेरेदित्सा (११९८), कोवाल्योवो (१३४५) आणि व्होलोतोवो (१३५२) ही तीन चर्चं होती. सपाट माळावर उंच इमारत म्हणजे तोफखान्याला आयतं निशाण. शहरातली चर्चं जळली, छप्परं गेली, पण बरीचशी उभी राहिली. ही तिन्ही कोसळली. किल्ल्यातलं सेंट सोफिया कॅथेड्रल (१०४५ ते १०५०) वाचलं, पण मोठ्या घुमटाला मार बसला. त्यावरचा कबुतर बसलेला क्रूस जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीने माद्रिदला नेला. तो २००४ मध्ये परत आला. आज तो कॅथेड्रलच्या आत ठेवलेला आहे. घुमटावर दिसते ती प्रतिकृती.

आता चर्चनिहाय. नेरेदित्साच्या भिंती कमानी सुरू होतात साधारण तिथपर्यंत टिकल्या होत्या. वरच्या कमानी आणि घुमट १९५६ ते ५८ मध्ये वास्तुविशारद ग्रिगोरी श्टेंडर यांनी पुन्हा उभारले. हे शक्य झालं कारण १९०३-०४ मध्ये प्योत्र पोक्रिश्किन यांनी डागडुजी करताना इमारतीची इंच न् इंच मोजमापं घेऊन ठेवली होती. (त्या जुन्या डागडुजीवर तेव्हा टीका झाली होती आणि टीकाकारांत चित्रकार निकोलाय रोरिख होते, तेच रोरिख पुढे आपल्याकडे कुलू खोऱ्यात नग्गरला येऊन राहिले.) वास्तू परत आली, पण चित्रं परत आली नाहीत. तिथली भित्तिचित्रं म्हणजे १२व्या शतकातला जवळजवळ अखंड संच होता. आज त्यातला सुमारे १५ टक्केच भिंतीवर उरला आहे, तोही मुख्यतः खालच्या भागात. म्हणजे आत गेल्यावर डोळ्यांच्या पातळीला अस्सल चित्र आणि मान वर केली की कोरा गिलावा. माझ्या मते हा या शहरातला सगळ्यात प्रामाणिक जीर्णोद्धार आहे. वरचा भाग कोणी रंगवून ‘पूर्ण’ केला नाही.

कोवाल्योवोचं चर्च १९७० मध्ये वास्तुविशारद लिओनिद क्रास्नोरेचियेव यांच्या आराखड्याप्रमाणे पुन्हा उभं राहिलं. व्होलोतोवोला मात्र २००३ उजाडलं, आणि त्या कामाचा पैसा एका जर्मन कंपनीने दिला. याच्या उलट उदाहरण म्हणजे गोरोदिश्शे टेकडीवरचं घोषणेचं चर्च (येशूच्या जन्माची वार्ता देवदूताने मरियमेला दिली, ती घोषणा). तिथे मूळ इमारत ११०३ची, तिच्या जागी १४व्या शतकात नवी बांधली, युद्धात ती पडली. ते पुन्हा न बांधता अवशेषच जपून ठेवले आहेत. १९६४च्या व्हेनिस सनदेचा (जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) आग्रह असाच आहे की, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू आला पाहिजे. व्होलोतोवोची पुनर्बांधणी या कसोटीवर काठावर आहे, असं मला वाटतं. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: सापडलेल्या चित्रांच्या तुकड्यांना परत लावायला भिंतच हवी होती.

तुकड्यांचं काम हे नोव्हगोरोदचं खरं वेगळेपण. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र. चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या पापुद्र्यात कायमचे अडकतात. म्हणून ढिगाऱ्याखाली २०-५० वर्षं पावसापाण्यात पडूनही रंग टिकला. गिलावा सुकल्यावर वरून डिंकात किंवा अंड्यात कालवून दिलेले शेवटचे हात, म्हणजे डोळ्यांतली चमक, वस्त्रावरच्या रेघा, ते बहुधा धुऊन गेले.

कोवाल्योवोच्या ढिगाऱ्यात अलेक्सांद्र आणि वालेंतिना ग्रेकोव या दांपत्याने १९६५ मध्ये काम सुरू केलं. पुढे त्याच अनुभवावर व्होलोतोवोचे सुमारे १७ लाख तुकडे गोळा झाले. पद्धत साधारण अशी: ढिगाऱ्यावर दोरीने चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाला आणि प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा. तोफेच्या माऱ्यात आधी घुमट कोसळतो आणि मग भिंती, त्यामुळे घुमटावरचं चित्र बरेचदा ढिगाऱ्याच्या तळाशी आणि भिंतीवरचं वर सापडतं. फावड्याने माती उपसली तर हा हिशेब कायमचा जातो. माती चाळून तुकडे रंगीत बाजू वर करून उथळ ट्रेमध्ये ठेवतात. सावलीत हळूहळू सुकवतात, उन्हात नाही. पाणी झरकन उडालं की आतले क्षार पृष्ठभागावर येऊन रंगाचा पापुद्रा उचलतात. मग कोरडा मऊ ब्रश, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच ओला बोळा.

जुळवणी रंगावरून होते असं आपल्याला वाटतं, पण रंग ही फक्त पहिली चाळणी. निळी-करडी पार्श्वभूमी, पिवळी प्रभावळ, पांढरी वस्त्रं असे ट्रे वेगळे केले की खरी मदत होते ती तुकड्याच्या पाठीची. गिलाव्याची जाडी, त्यात मिसळलेल्या जवसाच्या किंवा पेंढ्याच्या काड्या, मागे उमटलेला दगडाचा किंवा विटेच्या सांध्याचा ठसा. सांध्याचा ठसा असेल तर तो तुकडा भिंतीच्या कुठल्या थरावर बसला होता ते कळतं. पुढच्या बाजूला चित्रकाराने ओल्या गिलाव्यात टोकदार काडीने ओढलेली आखणी आणि कुंचल्याची दिशा पाहतात. युद्धापूर्वीची कृष्णधवल छायाचित्रं मूळ मापाइतकी मोठी करून टेबलावर पसरतात आणि त्यावर तुकडा फिरवून पाहतात. चेहरे आणि हात लवकर लागतात. एकरंगी पार्श्वभूमीचे हजारो तुकडे बहुधा कधीच लागत नाहीत. ते ट्रेमध्येच राहतात, आणि राहू द्यायचे असतात, कारण पुढची पिढी संगणकावर कडांचे आकार जुळवून त्यातले काही लावू शकेल.

जुळलेला गट उलटा करून पाठीचा गिलावा घासून सारख्या जाडीचा करतात. त्याआधी पुढच्या बाजूला पातळ कागद चिकटवतात, आणि इथे चूक झाली तर सगळंच जातं. गोंद जास्त तगडा असेल तर तो आक्रसताना रंग सोलून काढतो. प्राण्यांच्या हाडाचा सरस वापरला आणि नीट निघाला नाही तर पुढे त्यावर बुरशी धरते. गोंद असा हवा की काम झाल्यावर तो पूर्ण विरघळून निघेल. मग गट हलक्या, कडक फलकावर चुन्याच्या गिलाव्याने बसवतात. मधल्या रिकाम्या जागा थोड्या खोलगट ठेवून, एकाच फिक्या मातकट रंगाने भरतात. चित्र ‘पूर्ण’ करत नाहीत, कारण छायाचित्रात रंग नव्हते. त्यात आगीत भाजलेल्या तुकड्यांची वेगळी गंमत आहे: पिवळी गेरू सुमारे ३०० अंशांना तापली की लाल होते. लाल तुकडा मूळचा लालच होता असं धरून चाललात तर पिवळ्या झग्याचा अर्धा भाग भलत्याच संताच्या अंगावर जातो. यापैकी काही रचना आता चर्चमध्ये जागेवर परत बसवल्या आहेत, बाकी कार्यशाळेत आणि संग्रहालयात आहेत.

असे तुकडे फक्त युद्धामुळेच होतात असं नाही. युरियेव मठातल्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमधली (१११९) १२व्या शतकातली चित्रं १९व्या शतकातल्या नूतनीकरणात झोडून काढली आणि फरशीखाली भराव म्हणून टाकली. २०१३ पासूनच्या उत्खननात ती ढिगांनी वर आली. भक्तीने केलेल्या नूतनीकरणानेही तोफेइतकंच नुकसान होऊ शकतं.

आता भिंती आणि चुना, कारण जीर्णोद्धाराचे पैसे आणि चुका बहुतेक इथेच होतात. सोफियाचं बांधकाम ओबडधोबड चुनखडी दगडाचं आणि पातळ चपट्या विटांचं. चुन्यात कुटलेल्या विटांची भुकटी, म्हणजे आपली सुरखी. म्हणून तो गुलाबी दिसतो. ११५१च्या नोंदीत आर्चबिशप निफोंत यांनी सोफियाचं छप्पर शिशाने मढवून भिंतींना चुना दिला असं येतं. १४व्या शतकातल्या चर्चमध्ये इल्मेन सरोवराकाठचा थरांचा चुनखडी दगड, शंखाळ दगड, शेतातले गोटे आणि मध्येमध्ये वीट, असं सगळं मिळून येतं. त्यामुळे भिंत ओळंब्यात नसते. हाताने लिंपल्यासारखी ती थोडी फुगीर, थोडी वाकडी असते. नव्या गवंड्याने पट्टी लावून गिलावा सरळ केला की चर्च सरकारी गोदामासारखं दिसायला लागतं, आणि हे दुरून ओळखू येतं.

सिमेंट का नको, हा तुमच्याही मनात प्रश्न असेल. आपल्याकडचा काळा पाषाण सिमेंटला बराच काळ पुरून उरतो. इल्मेनची चुनखडी उरत नाही. सिमेंट घट्ट आणि कडक, दगड मऊ आणि सच्छिद्र. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडायची ती सिमेंटने अडवली की दगडातून बाहेर पडते, येताना क्षार आणते, लोणा धरतो आणि थंडीत दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. काही वर्षांनी सांध्यांची जाळी पुढे आलेली आणि मधले दगड खड्ड्यासारखे आत गेलेले दिसतात. असं दिसलं की तिथे सिमेंटने दरजा भरल्या होत्या हे नक्की.

बरोबर पद्धत अशी: कळीचा चुना भरपूर पाण्यात विरवून, गाळून, पाण्याखाली किमान दोन-तीन महिने मुरवायचा. मापाने एक भाग चुन्याचा लगदा, अडीच ते तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू. ओलीच्या जागी वाळूतली अर्धा भाग कमी करून तेवढी सुरखी. जुन्या दरजा रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल उकरायच्या, त्याही छिन्नी-हातोडीने. ग्राइंडरची चकती मऊ दगडाच्या कडा खाते आणि सांधा कायमचा रुंद होतो. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, भरण्यापूर्वी पुन्हा. १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम भरायचा नाही, नाहीतर वरचा भाग घट्ट होतो आणि आतला कच्चाच राहतो. भरल्यावर ओलं गोणपाट टाकून किमान आठवडाभर ओलावा ठेवायचा. चुना ‘वाळत’ नाही, तो हवेशी क्रिया होऊन घट्ट होतो, आणि त्या क्रियेला ओल लागते. कडक उन्हात सुकवलेली दरज बोटाने भुगा होते.

तापमान दिवसरात्र ५ अंशांच्या वर हवं. कच्च्या चुन्यातलं पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि वसंतात सगळं काम जमिनीवर सांडलेलं सापडतं. नोव्हगोरोदमध्ये सप्टेंबरच्या अखेरीला रात्री पारा शून्याकडे जातो, म्हणजे चुन्याचं काम मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच. नेरेदित्सा एका उन्हाळ्यात का उरकलं ते आता लक्षात आलं असेल. ठेकेदाराची निविदा ऑगस्टमध्ये मंजूर झाली की पुढचं संकट ठरलेलं: वर्षअखेर बिल काढायचं म्हणून तंबू ठोकून, हीटर लावून चुना सुकवतात किंवा त्यात गुपचूप सिमेंट मिसळतात.

लोणा धरलेल्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. क्षार आणखी आत जातात. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून एक-दोन सेंटिमीटर जाड लिंपायचा, पूर्ण वाळला की सोलून टाकायचा. क्षार त्यात ओढले जातात. एका वेळेत भागत नाही; काढलेल्या लगद्यातले क्षार मोजून, ते कमी होईपर्यंत करत राहावं लागतं. रंग लावायचा तर पातळ केलेला चुना, चार-पाच हात. प्लास्टिकचा रंग दोन हिवाळ्यांत फुग्यासारखा सुटतो.

ओलीचं मूळ बहुधा दोन ठिकाणी असतं: वर पन्हळ आणि खाली जमीन. नोव्हगोरोदमध्ये शतकानुशतकांच्या वस्तीने जमीन इतकी चढली आहे की सोफियाची मूळ फरशी आजच्या पातळीखाली सुमारे दोन मीटर आहे. साधा उपाय म्हणजे भोवती खोदून पाणी काढून द्यायचं. पण हीच ओली माती तिथलं लाकूड आणि भूर्जपत्रं, म्हणजे भूर्जाच्या सालीवर लिहिलेली मध्ययुगीन पत्रं, टिकवते. १९५१ मध्ये पहिलं पत्र सापडलं, आजवर हजारावर निघाली आहेत. जमीन कोरडी केली की चर्च वाचेल पण पुरातत्त्व कुजेल. म्हणून उथळ उतार, पन्हळीचं पाणी लांब नेणं, आणि खोदायचंच तर आधी उत्खनन, असा मधला मार्ग काढावा लागतो.

आतल्या हवेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. वसंतात पहिला उबदार दिवस आला की दारं उघडून ‘हवा खेळू’ द्यावीशी वाटते. मीटरभर जाड भिंत तेव्हा अजून ५-६ अंशांवर असते. बाहेर १८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १० अंशांखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं, म्हणजे चित्रांवर पाण्याचे ओघळ. इल्यिना रस्त्यावरच्या रूपांतराच्या चर्चमध्ये (१३७४) थिओफानीस या ग्रीक चित्रकाराने १३७८ मध्ये रंगवलेली चित्रं आहेत. तिथे दमट किंवा पावसाळी दिवशी प्रवेश बंद असू शकतो तो याचसाठी, कर्मचाऱ्यांचा आळस म्हणून नव्हे. दोनशे माणसं दोन तास प्रार्थनेला उभी राहिली तर श्वास आणि घामातून साधारण २० लिटर पाणी हवेत जातं. वर मेणबत्त्यांची काजळी, हिवाळ्यात हीटर. सोफिया १९९१ मध्ये धर्मप्रांताकडे परत गेलं आणि तिथे नियमित उपासना होते. त्यात मला फारसं वावगं वाटत नाही, कारण तिथली बरीचशी रंगकामं १८९३ ते १९००च्या, वास्तुविशारद सुस्लोव यांच्या जीर्णोद्धारातली आहेत. थिओफानीसच्या चित्रांच्या बाबतीत मात्र मी संग्रहालयाच्या बाजूने आहे.

प्रत्यक्ष गेलात तर पाहायचं कसं? बाहेरून छपराखालची रेघ पाहा. इल्यिनाच्या चर्चवर आजच्या टोकदार छपराखाली जुन्या तीन पाकळ्यांच्या कमानीचा माग भिंतीत स्पष्ट दिसतो. छप्पर कधीतरी बदललं याचा तो पुरावा. कोझेव्हनिकीतल्या पीटर आणि पॉलच्या चर्चवर (१४०६) गिलावाच नाही, त्यामुळे दगड-विटांची सरमिसळ आणि दुरुस्तीची ठिगळं उघडी वाचता येतात. सुरुवात तिथूनच करा. नेरेदित्सा शहराच्या दक्षिणेला माळावर आहे. तिथे आत गेल्यावर आधी खाली बघा, मग नजर वर न्या. चित्र संपून कोरा गिलावा सुरू होतो तिथे तुम्हाला १९४१ची उंची दिसेल. चित्रांची चर्चं मे ते सप्टेंबरमध्ये, कोरड्या हवेत, सकाळी उशिरा गाठा. निघण्यापूर्वी संग्रहालयाला फोन करून ती उघडी आहेत का ते विचारा, कारण पावसाने दुपारी दार बंद झालं तर शहरापासून तिथवरचा हेलपाटा फुकट जातो.